चंदीचा हिशेब

चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना शिवछत्रपतींनी धाडलेले पत्र आम्ही दोघे गेली सतरा-अठरा वर्षे शिकवीत आलो आहोत. आमच्यापैकी एकजण शिरूरला शिकवतो, दुसरी दौंडला. राहतो शिरूरला, गावाच्या कडेला. राज्याभिषेकाच्या आधीच्या वर्ष-दीड वर्षातले हे पत्र वाचकांपैकी पुष्कळांनी शिकले असेल, काहींनी शिकवलेही असेल. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण मनास येईल तशी आधीच उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेकडून दाणा, भाकर, भाजी, लाकूडफाटा ओरबाडू लागाल आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटेल, असा त्याचा आशय. आमच्या टिपणांत त्यावर तीन मुद्दे आहेत : राजाची प्रजाहितदक्षता, गद्याची चित्रमयता आणि फारसी शब्दांचे प्रमाण. घोड्यांवर मुद्दा नाही. घोडी त्या टिपणात फक्त निमित्तापुरती येतात.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, दौंडचा द्वितीय वर्षाचा वर्ग मोबाइलवर चालू असताना एका मुलाने विचारले, "मॅडम, मग त्या घोड्यांचं काय झालं? निघाला का त्यांचा पावसाळा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आम्हालाही पडला नव्हता. "तो आपला विषय नाही," असे काहीतरी बोलून मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. संध्याकाळी त्याच मुलाचा फोन आला. त्याच्या वडिलांची वरातीची घोडी होती. दोन दिवस ती बसली की उठायला तयार नव्हती.

येथे थोडे विषयांतर करावे लागेल. मराठीचे अध्यापक म्हणून घोड्याशी आमचा परिचय दांडगा. पण तो सगळा कोशातला. आमचे घोडे कुठेतरी अडते, गंगेत न्हाते, वरातीमागून येते. विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासात 'खोगीरभरती' हा शेरा आम्ही लाल शाईने इतक्या वेळा लिहिला असेल की त्याची मोजदाद नाही. खोगिरात प्रत्यक्षात काय भरतात हे मात्र आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. आणि आम्ही राहतो कुठे? घोड नदीच्या काठी, ज्या गावाला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात तिथे. १८१७ साली उभ्या राहिलेल्या पुणे हॉर्स या रिसाल्याचे ठाणे दीर्घकाळ इथे होते. तालुक्यात आलेगाव पागा नावाचे गाव आहे. कंपनी सरकारची घोड्यांची पैदास एकेकाळी तिथे चाले. भीमा ओलांडली की दौंड तालुका, त्याचे जुने नाव भीमथडी. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा मान मिळाला, त्यात याच भीमथडीची तट्टे आहेत. गेल्या काही वर्षांत भारतातल्या घोड्यांच्या नोंदणीकृत जातींमध्ये भीमथडीचाही समावेश झाला. एवढा सगळा घोडा आमच्या पायाखालच्या जमिनीत असताना आम्हाला जिवंत घोड्याच्या पोटाविषयी शून्य माहिती होती. असो.

आमच्या घरामागे पत्र्याची एक मोकळी शेड होती आणि शेजाऱ्यांचा अर्धा एकर लसूणघास. तेवढ्या भांडवलावर आम्ही त्या मुलाला "घोडी इकडे पाठव" असे सांगून बसलो. सांगताना आमच्या मनात दया होती आणि दयेच्या पोटात बराचसा रागही होता : ज्याला जनावर पोसता येत नाही त्याने ते पाळावे कशाला? हा राग पुढे आमच्याच अंगावर उलटला, म्हणून आधीच कबूल करून ठेवतो.

भाजीच्या टेम्पोतून घोडी आली. नाव राणी. रंगाने कुमैत, उंचीने लहानखुरी, भीमथडी वळणाची. पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल उतार. बरगड्या लांबून मोजता याव्यात. शेपटीच्या मुळाशी दोन हाडे उघडी पडलेली. मान तर पंचांगाच्या पुठ्ठ्यासारखी चपटी. मुलाचे वडील खाली उतरले, घोडीच्या कपाळावर हात ठेवून जरा उभे राहिले आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, उपाशी नाय ठेवली मी तिला." आम्ही काही बोललो नाही. आमचा विश्वास बसला नव्हता, आणि ते त्यांना दिसले.

त्या दिवशी दुपारी आम्ही राणीला काय काय घातले, त्याची यादी आज लिहिताना हात आखडतो. भिजवलेले हरभरे पाटीभर, गुळाचा मोठा खडा, चार भाकरी, वर ताज्या लसूणघासाचा भारा. ती खात होती आणि आम्ही पाहत होतो. भुकेल्याला जेवू घातल्याचे जे समाधान असते ते सारे आम्ही तासाभरात उपभोगले. रात्री नऊच्या सुमारास ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली. मग पुढचा पाय आपटू लागली, घामेजली, खाली बसली, लोळली, उठली, पुन्हा लोळली.

डॉक्टर अकराला आले. त्यांचा सगळा व्यवसाय संकरित गाईंचा. पण विद्यार्थिदशेत घोड्यांचे काम केलेले होते, हे आमचे नशीब. त्यांनी वेदनाशामक टोचले, नाकातून नळी घालून पातळ पॅराफिन सोडले आणि आम्हाला तिला हळूहळू फिरवत ठेवायला सांगितले. संचारबंदीतल्या त्या रात्री आम्ही दोन प्राध्यापक एका घोडीला अंगणात गोल गोल फिरवत होतो आणि डॉक्टर पायरीवर बसून आम्हाला शिकवत होते. घोड्याला ओकता येत नाही. जठर त्याच्या देहमानाने फार लहान, त्यामुळे निसर्गाने त्याला दिवसभर थोडे थोडे चरायला लावले आहे. भिजलेला हरभरा पोटात आणखी फुगतो. आणि मुख्य गोष्ट पोटाच्या पलीकडची. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला एकाएकी धान्य-गूळ मिळाला की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींत ओढले जाते, आणि तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा मूत्रपिंड बंद पडू शकते. युद्धाच्या शेवटी छळछावण्यांतून सुटलेली माणसे अशीच, सुटकेनंतर, जेवून मेली. "उपाशी ठेवून जेवढी मरत नाहीत ना सर, त्याहून लवकर तुम्ही मारली असतीत," डॉक्टर शांतपणे म्हणाले. पहाटे तीनला राणीने लीद टाकली. त्या लिदीचा आम्हाला जो आनंद झाला तसा आनंद कोणत्याही शोधनिबंधाच्या स्वीकृतिपत्राने दिलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून हिशेब सुरू झाला. दर चार तासांनी पाव किलो वाळवलेला लसूणघास, स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलून. रात्री बारालाही आणि पहाटे चारलाही. दाणा बंद, गूळ बंद, भाकरी तर नावालाही नको. पाणी आणि मिठाचा खडा मात्र हवा तेवढा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी उपासमारीतल्या घोड्यांना पूर्ववत आणण्यासाठी निरनिराळी वैरण देऊन पाहिली, तेव्हा लसूणघासच सर्वांत हितकर ठरला, हे आम्ही नंतर वाचले. त्यात प्रथिने आणि ती हरवणारी खनिजे पुरेशी, पिष्ट मात्र कमी. आपल्या बांधावरचा लसूणघास असा सातासमुद्रापलीकडून प्रमाणपत्र घेऊन आला की शिकलेल्या माणसाला त्याच्याविषयी आदर वाटू लागतो, हा आमचा नेहमीचा अनुभव.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. ती मागत होती. पावलांचा आवाज आला की हिंकारायची. पाव किलो घास मिनिटांत संपवून रिकाम्या गव्हाणीला नाक घासत बसायची. देण्याजोगे घरात असून न देणे ही गोष्ट आम्हाला कोणी शिकवलेली नव्हती. चौथ्या दिवसापासून माप वाढवत आणि वेळा कमी करत दहाव्या दिवसाला ती पोटभर वैरणीवर आली. रोजच्या नोंदींसाठी आम्ही एक वही केली. तिच्यावर विषय म्हणून काय लिहावे हे सुचेना, तेव्हा मुलाचे वडील फोनवर सहज जो शब्द वापरत तोच लिहिला : चंदी. घोड्याचा दाणा, त्याचा ठरलेला रतीब. हा शब्द आम्ही बखरीत पेन्सिलीने अधोरेखित करून समासात अर्थ लिहिला होता. त्यांच्या तोंडी तो रोजचा होता.

वजन वाढते आहे की नाही हे कळावे म्हणून डॉक्टरांनी एक सूत्र दिले. शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलो. घेर १३१, लांबी १३१. म्हणजे १८९ किलो. नजरेचा अंदाज मोडीत काढण्यासाठी अंगाची श्रेणीही असते : १९८३ मध्ये हेनेक यांनी टेक्सासमध्ये बसवलेली, एक ते नऊ अशी. मान, वाखडा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा हाताने चाचपून गुण द्यायचे. पाच म्हणजे उत्तम. बरगडी हाताला लागावी, डोळ्यांना दिसू नये. राणीला डॉक्टरांनी दोन दिले. नापास करण्याची आम्हाला सवय आहे, पण ते दोन गुण वहीत लिहिताना बरे वाटले नाही.

तीन आठवडे झाले आणि घेर जेमतेम एका सेंटिमीटरने हलला. लिदीच्या तपासणीत जंताची अंडी निघाली होती. अशक्त जनावराला पहिल्याच दिवशी औषध पाजू नये म्हणून थांबून, मग तेही पाजून झाले होते. माश्यांमुळे पसरणारा सर्रा आहे का, हे रक्त तपासून पाहिले, नव्हता. तरी घोडी भरेना. नेमके इथेच घोडे पेंड खाते, असे म्हणायची सोय नव्हती, कारण डॉक्टरांनी सांगितलेली जवसाची पेंड ती हुंगून बाजूला सारत होती.

उत्तर मिळाले ते एका धनगर आजोबांकडून. त्यांचा वाडा शेजारच्या रिकाम्या रानात बसला होता. बिऱ्हाड वाहणारी दोन तट्टे त्यांच्याकडेही होती, आमच्या राणीच्याच जातकुळीची, आणि एप्रिल संपत आला तरी अंगाने गोल. ते एकदा सकाळी सहज शेडपाशी आले. घोडीकडे त्यांनी पाहिलेच नाही. खाली वाकून गव्हाणीजवळचे ओलसर हिरवे गोळे उचलले, तळहातावर फोडले. आम्ही ते गोळे रोज झाडून टाकत होतो.

"मास्तर, ही खातीया कुठं? चगळून टाकतीया नव्हं," ते म्हणाले. मग एका हाताने जीभ बाजूला धरून त्यांनी तिच्या जबड्यात पाहिले. "पंधराच्या म्होरं गेलीया. आवो बाई, जात्याला टाकी लावल्याबिगर दाणं घालून पीठ पडंल व्हय?"

घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि घासले जात राहतात. वरचा जबडा खालच्याहून रुंद. म्हणून वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा घासल्याविना उरतात, त्यांना धार येते, ती गालाला आणि जिभेला कापते. मग जनावर घास तोंडात घोळवते आणि गोळा करून टाकून देते. भूक आहे, वैरण आहे, मध्ये दुखणारे तोंड. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तिला गुंगीचे औषध दिले, जबडा उघडा ठेवणारी पकड बसवली आणि लांब दांड्याची कानस घेऊन अर्धा तास दाढा घासल्या. गालांच्या आतून जुन्या-नव्या जखमा होत्या. काही फार जुन्या, वर्षभरापूर्वीच्या तरी.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे एकमेकांशी फारसे बोललो नाही. रविवारी मुलाचे वडील नेहमीप्रमाणे दौंडहून मोटारसायकलवर आले, तेव्हा आम्ही त्यांना गाल दाखवला. ते खाली बसले. मग एकेक करून सांगू लागले. घोडी त्यांनी २०१४ नंतर स्वस्तात घेतली होती. त्याआधी ती बैलगाड्यांपुढे घाटात पळायची; त्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि अशा घोड्या कवडीमोल झाल्या. मग ती वरातीत नाचायला शिकली. मार्च २०२० मध्ये वरातीही गेल्या. मधल्या हिवाळ्यात चार-दोन लग्ने झाली, आणि पुन्हा हा एप्रिल : पंचवीस माणसे, दोन तास, घोडा कोण बोलावतो? बँडमधली दोन वाद्ये विकून त्यांनी हरभरा आणला. तो संपल्यावर रेशनच्या गव्हाच्या पोळ्या, स्वतःच्या ताटातल्या. पुढे उसाचे वाढे, कारण तेवढेच फुकट मिळे. वाढ्यातले ऑक्झॅलेट अंगातला चुना धरून ठेवते, घोड्याला ते एकट्याने घालू नये, हे आम्हाला कळलेले होते, सांगितले नाही. "वर्षभर घालतोय मॅडम, पण अंगी लागंना. मला वाटायचं, माझ्याच हाताला यश नाही."

आम्ही त्यांची क्षमा मागायला हवी होती. मागितली नाही. चहा केला.

दाढा घासल्यापासून गोळे पडायचे थांबले. जूनपर्यंत राणी चार वेळा लसूणघास, डोंगरी गवत आणि बारीक कुटी केलेला कडबा खाऊ लागली. मग दाणा : उकडलेला हरभरा मूठभर, आठवड्याला एकेक मूठ वाढवत, त्यावर चमचा-चमचा करत वाढवलेले गोडेतेल, कारण तेल पोट न फुगवता ऊब देते. पेंडही एके सकाळी निमूटपणे खाल्ली. आमच्यापैकी एकाने त्या प्रसंगी वाक्प्रचाराचा मोह अनावर होऊन जो विनोद केला तो येथे देत नाही.

पावसाळ्याने मात्र परीक्षा घेतली, आणि तेव्हा ते पत्र परत आले. मे महिन्यात घेऊन ठेवलेला कडबा आम्ही शेडच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली रचला होता. जुलैत वास आला म्हणून उघडला तर खालचे निम्मे थर बुरशीने काळे. बुरशीची वैरण घोड्याला पोटशूळ आणते. सगळी काढून टाकली. उरलेली किती दिवस पुरेल याचा हिशेब करायला वही घेऊन बसलो, आणि एकदम जाणवले की आपण काय करत आहोत. कोठीत इतके आहे, पावसाळ्याचे दिवस इतके, तोंड एक. हाच तो हिशेब. चित्रमय गद्य म्हणून आम्ही जे शिकवले ते कोठीवरच्या माणसाचे गणित होते.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. माश्यांचा त्रास फार होता, म्हणून आमच्यापैकी एकाने शेडमध्ये कडुनिंबाच्या पाल्याची धुरी केली आणि ती तशीच ठेवून तो ऑनलाइन तासाला जाऊन बसला. वाऱ्याने ठिणगी कडब्याकडे गेली. शेजारच्या बाईंनी बादलीभर पाणी ओतले म्हणून निभावले. पत्रात राजाने लिहिले आहे की गवताजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवा जळत ठेवू नका. उंदीर जळती वात पळवून नेईल आणि गवताला आग लागेल. त्या उंदराला आम्ही वर्षानुवर्षे 'सूक्ष्म निरीक्षणशक्तीचे उदाहरण' म्हणून दोन गुण देत आलो. ज्याने कधी वैरण जळताना पाहिली आहे त्यालाच तो उंदीर दिसतो, एवढे साधे आम्हाला कळले नव्हते. सहा-सात आणे भाग जळलेल्या त्या पेंढ्या उचलताना आमच्यापैकी ज्याची चूक होती तो म्हणाला, "आपण जुमलेदार आहोत." हे बोलणे आमच्या घरात अजून चालते. कोणी गॅस चालू ठेवून विसरले की जुमलेदार.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर अर्थात तरीही मिळाले नाही. त्या पावसाळ्यात चिपळूणच्या पागेतली किती घोडी वाचली, याचा शोध आम्ही आमच्याजवळच्या पुस्तकांत घेतला. पत्र मोठे आहे, गाजलेले आहे, अनेकांनी छापले आहे. घोड्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याची गरज आमच्यासारखीच संपादकांनाही भासलेली दिसत नाही. पुढच्या वर्षी तो प्रश्न आम्ही वर्गात स्वतःच विचारला आणि तो फळ्यावर तसाच लिहून ठेवला.

ऑगस्टअखेर घेर १४२ भरला. लांबी तीच, म्हणून वजन २२२ किलो. चार महिन्यांत तेहतीस. श्रेणी साडेचार. सप्टेंबरपासून सकाळी तिला घोडनदीच्या काठाने चालवायला नेऊ लागलो, कारण नुसती चरबी चढून भागत नाही, पाठीवर मांस धरायला हालचाल लागते. खरारा करताना लोम हाताला गुळगुळीत लागे. ती आमच्या पावलांना ओळखू लागली होती. आम्हाला मूलबाळ नाही. हे येथे सांगायला नको होते, पण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही.

कारण नोव्हेंबरात तुळशीची लग्ने लागली आणि मुलाच्या वडिलांचा फोन आला. वराती सुरू झाल्या होत्या. आम्ही म्हणालो, अजून अर्धा गुण कमी आहे. आठवड्याने फोन आला, तेव्हा म्हणालो, खुराला थोडे लागले आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन केला नाही, मुलाने केला. "मॅडम, घोडी तुमच्याकडेच ठेवायची असेल तर बाबा नाही म्हणणार नाहीत. ते म्हणतात, त्यांनी जगवली. पण मग आम्ही काय करू, ते सांगा." डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांत, मध्यरात्रीपर्यंत तिला नाचवणार, हे आमच्या मनात होते. त्या घरातल्या चार माणसांची चूल त्या नाचावर पेटते, हेही आम्हाला ठाऊक होते. दोन रात्री आम्ही वाद घातला. एकमेकांच्या बाजू बदलूनही घातला. शेवटी वही दिली. कोणत्या वेळी किती, दाढा वर्षातून एकदा, जंताचे औषध तपासून, वाढे नको, रात्रीच्या वरातीनंतर आधी पाणी आणि गवत, मग दाणा. वडिलांनी वही उघडून पहिल्या पानावरचा शब्द वाचला आणि हसले. "चंदी," ते म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ती टेम्पोच्या फळीवर चढेना. त्यांनी तोबरा पुढे धरला, तेव्हा चढली.

फेब्रुवारीत दौंडहून परतताना आमची गाडी एका वरातीत अडकली. घोडी नखशिखांत सजवलेली, पाठीवरून पोटाखालपर्यंत लोंबणारी जरीची झूल, कपाळाला गोंडे. वर घामाघूम झालेला नवरदेव. अंधार, आवाज आणि ती झूल, यांत काही दिसेना. आमच्यापैकी दोघांनीही एकाच वेळी काच खाली केली. लगाम धरलेल्या माणसाने आम्हाला ओळखले असावे. त्याने हात केला नाही; एका हाताने लगाम धरून दुसऱ्या हाताने झुलीची कड वर उचलली, गाडीच्या दिव्यात तिची कूस क्षणभर दाखवली, आणि खाली सोडली.